फेऱ्या वाचवणारा मध्यस्थ

बाभुळगावात एखादे परदेशी संकेतस्थळ उघडायला वेळ लागला की दोष रेंजला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण रेंज पूर्ण असली तरी अंतराचा उशीर उरतोच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर इथून साधारण तेरा हजार किलोमीटरवर आहे. तार सरळ रेषेत टाकली तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. टीसीपीचे कनेक्शन जुळवायला एक फेरी, टीएलएस १.२च्या सुरक्षेसाठी आणखी दोन, मग प्रत्यक्ष मागणीची चौथी. पानाचे पहिले अक्षर दिसण्याआधीच अर्धा सेकंद जातो. तार कितीही जाड केली तरी यातली एकही फेरी कमी होत नाही. म्हणून वेगाचा खरा इतिहास फेऱ्या वाचवण्याचा आहे, असे माझे मत आहे.

वेबपाने मागवण्याच्या एचटीटीपी या नियमसंचाच्या सुरुवातीच्या पद्धतीत पानावरच्या प्रत्येक चित्रासाठी नवे कनेक्शन जोडायचे आणि काम झाले की तोडायचे, अशी रीत होती. वेंकट पद्मनाभन आणि जेफ्री मोगल यांनी १९९४मध्ये ही उधळपट्टी मोजून दाखवली. उघडी कनेक्शने सर्व्हरची स्मृती अडवून ठेवतील, हा त्यावरचा आक्षेप रास्त होता. मोगल यांनी १९९५मध्ये खऱ्या सर्व्हरच्या नोंदी तपासून त्याला उत्तर दिले: निष्क्रिय कनेक्शन ठरावीक वेळाने बंद केले की भार आटोक्यात राहतो. जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१मध्ये कनेक्शन चालू ठेवणे हाच नियम झाला.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ म्हणजे प्रॉक्सी; तिचा जन्म मात्र वेगळ्या गरजेतून झाला. सर्न या संशोधन संस्थेतल्या प्रॉक्सीचे वर्णन आरी लुओटोनेन आणि केविन आल्टिस यांनी १९९४मध्ये केले, तेव्हा फायरवॉलआडच्या लोकांना बाहेरचे जाळे दाखवणे हे तिचे मुख्य काम होते. या दोन कल्पना एकत्र आल्या तेव्हा आधी घोटाळाच झाला. ब्राउझर ‘कनेक्शन चालू ठेव’ अशी ओळ पाठवी. जुन्या प्रॉक्सीला ती समजत नसे, ती तशीच पुढे ढकली. सर्व्हर ती मानून कनेक्शन बंद करीत नसे आणि प्रॉक्सी ते बंद होण्याची वाट पाहत अडकून पडे. म्हणून १.१ने ठरवले की ही ओळ फक्त लगतच्या टप्प्यापुरती. मध्यस्थाने ती पुढे पाठवू नये. आजच्या प्रॉक्सीची दोन्ही बाजूंची कनेक्शने स्वतंत्र असतात, ती या नियमामुळे.

ब्राउझर स्वतःच कनेक्शन पुन्हा वापरतो, मग मध्यस्थ कशाला? कारण प्रत्येक माणसाची पहिली भेट नवीनच असते. मुंबईतल्या प्रॉक्सीने अमेरिकेकडची कनेक्शने आधीच उघडी ठेवली असतील, तर जुळवाजुळवीच्या तीन फेऱ्या मुंबईपर्यंतच होतात, प्रत्येकी सहाएक मिलिसेकंदांच्या. लांबची फेरी एकच. ५२० मिलिसेकंदांचे काम दीडशेच्या आसपास येते. शिवाय नवे टीसीपी कनेक्शन सुरुवातीला जपून, थोडाच मजकूर पाठवते. वापरात असलेल्याचा हात मोकळा झालेला असतो. २०१८च्या टीएलएस १.३ने एक फेरी कमी केली, तरी हिशेबाचा कल तोच राहतो.

विश्वासाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा प्रॉक्सीवर सुरक्षेचे आवरण उघडते, म्हणजे मजकूर तिला वाचता येतो. त्यामुळे ती संकेतस्थळाच्या मालकाच्याच जबाबदारीची हवी. सर्व्हर मुंबईतच असेल तर हा लाभ किरकोळ ठरतो, हेही खरे. पण सर्व्हर परदेशात ठेवून इथल्या लोकांसाठी सेवा चालवणाऱ्यांनी जास्त बँडविड्थ विकत घेण्याआधी आपल्या फेऱ्या मोजाव्यात.