घाटरस्ता, मोटार आणि ब्रेक

जीर्णोद्धाराचे दगड, वाळू, सिमेंट आज ट्रकने देवळाच्या पायरीपर्यंत येतात आणि कोणास नवल वाटत नाही. परंतु घाट चढून आलेल्या गाडीला तो उतरूनही जावे लागते. चढण इंजिनाच्या जोरावर होते, उतरण ब्रेकच्या भरवशावर.

बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ लागल्या त्या १८३० साली. बैलगाडी थोपवावयास दगडाची उटी पुरे. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक जमशेदपुरास तयार होऊ लागले. डिझेल गाडी खेडोपाडी पोचली आणि तिच्यामागोमाग फिटर, क्लीनर ही मंडळीही.

जुन्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करणे हे एकट्याचे काम नव्हेच. जॅक लावून, खाली ठोकळे देऊन चाके व ड्रम उतरवायचे, झिजलेले लायनर काढून नवे रिव्हेटने बसवायचे. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधील धूळ फुंकून उडविली जाई. ती फुफ्फुसांचा घात करते, हे गॅरेजपर्यंत पोचावयास फार उशीर झाला.

खरी कसोटी पुढेच. तेलाच्या ब्रेकमध्ये पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून तो दाब चाकापर्यंत नेते. तेल दबत नाही, हवा दबते. नळीत हवा राहिली तर पेडल मऊ होऊन खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ही हवा काढावयास एकजण पेडलवर, दुसरा चाकाखाली पाना घेऊन, तिसरा तेलाच्या डब्यापाशी. 'दाब' म्हणताच वरच्याने पेडल दाबून धरायचे. खालच्याने निप्पल सैल करून हवा सोडायची, निप्पल आवळायचे आणि मगच 'सोड' म्हणायचे. आधीच पाय उचलला, की हवा पुन्हा आत! डबा रिकामा होऊ दिला तरी तेच. असे एकेक करून चारही चाकांवर. कंटाळून 'झाले, झाले' म्हणणारा एखादा निघाला, तर त्याची किंमत घाटात भलताच कोणी मोजतो.

डिझेल गाडीची आणखी एक खोड. पेट्रोल इंजिनातील ओढीवर ब्रेकला जोर देता येतो. डिझेल इंजिनात ती ओढ नसते, म्हणून अनेक गाड्यांना वेगळा व्हॅक्यूम पंप जोडावा लागे. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद केले की पंपही बंद. दोन-चार वेळा पेडल दाबेपर्यंत जोर पुरतो, मग पायाखाली दगड लागल्यासारखे होते. शिवाय सतत ब्रेक दाबून ड्रम तापतात, जुने, पाणी शोषलेले तेल उकळते आणि नळीत वाफ होते. म्हणून जाणता ड्रायव्हर घाट उतरताना खालच्या गिअरातच राही. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका आहे. तेथे नाणे वाहून पुढे जाण्याची चालकांची रीत जुनी आहे. दसऱ्यास गाडीला झेंडूचा हार घालतात, लिंबू-मिरचीही बांधतात. हारास कोणाची हरकत नाही, लायनर मात्र त्याआधी पाहिलेले असावे.

पुढे अवजड गाड्यांना पूर्ण हवेचे ब्रेक आले. तेलातील हवा काढणे संपले. हवेच्या टाकीत साचणारे पाणी नेमाने काढणे तेवढे क्लीनरच्या वाट्यास आले.