परीक्षेचा धडा

नाशिक विभागीय शिक्षण मंडळाच्या कक्षेंत नाशिक, धुळें, जळगांव व नंदुरबार हे चार जिल्हे येतात. फाल्गुनाच्या सुमारास तेथें दहावीची परीक्षा चालू असतां एकाद्या निराळ्या खोलींत दोन मुलें शेजारीं बसलेलीं दिसतात. एक उत्तर सांगतें, दुसरें तें उतरून घेतें. सांगणारें अंध असतें. उतरून घेणाऱ्यास ‘लेखनिक’ म्हणतात. शेवटची घंटा झाली तरी हीं दोघें उठत नाहींत. पाहणाऱ्यास ही केवळ मेहेरबानी वाटते. परंतु त्या जादा वेळामागें मोठा इतिहास आहे.

१८२९ सालीं फ्रान्समध्यें लुई ब्रेल यानें उठावाच्या ठिपक्यांची लिपि प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांत १८८७ सालीं अमृतसर येथें अंधांची पहिली शाळा निघाली. १९०० सालीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मिलार्डबाईंनीं तसेंच कार्य आरंभिलें. १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘नॅब’ या संस्थेचें काम पुढें नाशकांतहि रुजलें. अंधाचें बोट वाचूं लागलें. पण एक पेंच उरलाच. विद्यार्थी ठिपक्यांनीं लिहील, तें सामान्य परीक्षकानें वाचावें कसें? या पेंचाचें उत्तर म्हणजे लेखनिक.

त्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. वाक्य ऐकावें, लिहावें, पुन्हां वाचून दाखवावें. यांत वेळ जातो. लेखनिक कच्चा असला तर त्याच्या चुकीचा दंड सांगणाऱ्याच्या गुणांतून वसूल होतो. फार विद्वान् असला तर उत्तर कोणाचें, अशी शंका निघते. १९९५ च्या कायद्यानें अंध व क्षीणदृष्टि विद्यार्थ्यांस लेखनिक देण्याचें बंधन शिक्षणसंस्थांवर घातलें. २०१३ च्या केंद्रीय नियमांनीं दर तासास निदान २० मिनिटें अधिक दिलीं, म्हणजे ३ तासांचे ४ झाले. लेखनिकाच्या शिक्षणाची अटहि त्यांनीं काढली. २०१८ सालीं मात्र, उमेदवारानें स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालचा असावा, असें ठरलें. साहाय्य आणि संशय यांची ही ओढाताण जुनीच आहे.

डोळे व हात धड असून ज्यांना अक्षरें जुळवितां येत नाहींत, अशीं मुलें तर दीर्घकाळ ‘मठ्ठ’ म्हणूनच गणलीं गेलीं. महाराष्ट्रांत १९९६ पासून त्यांनाहि परीक्षेंत सवलती मिळूं लागल्या. २०१६ च्या कायद्यानें या अडचणीस अपंगत्वाच्या यादींत स्थान दिलें. २०२१ सालीं विकास कुमार यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, लिहिण्यास खरा अडथळा असेल तर ४० टक्क्यांचा दाखला नाहीं एवढ्यावरून लेखनिक नाकारतां येणार नाहीं.

माल तोलण्यापूर्वीं वाणी रिकामीं पारडीं समान करण्यासाठीं ‘धडा’ करतो. त्यांत गिऱ्हाइकावर उपकार कसला? तराजू खरा व्हावा, एवढाच त्याचा हेतु. नाशकाच्या त्या खोलींतला जादा तास हा परीक्षेचा धडा आहे. तो न करितां दिलेले गुण हाताचा व डोळ्यांचा वेग सांगतील, विद्यार्थ्याचें ज्ञान सांगणार नाहींत.