एचआयव्ही प्रतिबंध आणि लैंगिक आरोग्य शिक्षणातील मोबाइल ॲप

एचआयव्हीचा प्रतिबंध, तपासणी, उपचारांतील सातत्य आणि लैंगिक आरोग्याचे शिक्षण यांसाठी मोबाइल दूरध्वनीवर चालणारी ॲप गेल्या दशकभरात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा भाग बनली आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना अर्थात नॅकोच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २५.४४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण ०.२० टक्के, तर त्या वर्षातील नवे संसर्ग ६८ हजारांहून अधिक होते. प्रमाणाचा विचार करता मिझोरम सर्वांत पुढे आहे. बाधितांच्या संख्येत मात्र महाराष्ट्र पहिला आहे.

माहितीचा अभाव ही यातील जुनी अडचण आहे. संभोगाच्या प्रत्येक वेळी निरोध वापरल्यास धोका कमी होतो, निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीलाही संसर्ग असू शकतो, डास चावल्याने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही, अशा मूलभूत बाबी ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच सर्वेक्षणात ‘सर्वंकष ज्ञान’ असलेले मानले जाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील केवळ २१.६ टक्के स्त्रिया आणि ३०.७ टक्के पुरुष या कसोटीला उतरले. शाळेतून ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. परंतु किशोरवयीनांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमावरून २००७ मध्ये वाद पेटला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी त्याला मनाई केली.

नाव न सांगता प्रश्न विचारण्याची आणि जाणकाराकडून उत्तर मिळवण्याची गरज मात्र मोबाइलच्या आधीपासूनची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात मांडली. खटला कर्वे हरले. त्या काळी पत्राने येणारे प्रश्न आणि आज ॲपच्या चौकटीत टंकित होणारे प्रश्न यांत विषयांच्या दृष्टीने फारसे अंतर नाही, असे म्हणावे लागते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत गावोगावच्या किशोरवयीनांमधूनच ‘साथिया’ नावाचे समवयस्क शिक्षक निवडले जातात. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्यासाठी साधनसंच आणि त्याच्या जोडीला ‘साथिया सलाह’ हे मोबाइल ॲप प्रसिद्ध झाले. संचात ‘भ्रांती-क्रांती’ हा खेळ, प्रश्नोत्तरांची पुस्तिका आणि दैनंदिनी आहे. समोरासमोर विचारण्यास जे संकोचतात, त्यांच्यासाठी ॲप आणि निःशुल्क दूरध्वनी सेवा, अशी त्यामागील कल्पना होती. प्रौढांसाठी नॅकोचे स्वतंत्र ॲप असून एचआयव्हीविषयीच्या माहितीसोबत जवळचे समुपदेशन व तपासणी केंद्र शोधण्यासाठी ते उपयोगी पडते.

केंद्र शोधण्याच्या या साध्या सुविधेचे मोल वेळेच्या हिशेबात कळते. संसर्गाची शक्यता असलेला प्रसंग घडल्यानंतर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, औषधे सुरू करून २८ दिवस घेतल्यास संसर्ग टाळण्याची मोठी शक्यता असते. या उपायाला संपर्कोत्तर प्रतिबंधक उपचार म्हणतात. शनिवारी रात्री घडलेल्या प्रसंगानंतर सोमवारपर्यंत कोणाला विचारावे या विवंचनेत राहिलेल्या व्यक्तीच्या हाती मंगळवारी काही तासच उरतात. अशा वेळी एचआयव्हीचा इतिहास सांगणारी दहा पाने निरुपयोगी ठरतात. औषध कोठे मिळेल, केंद्र किती वाजता उघडते आणि तेथे काय सांगावे एवढेच हवे असते. तपासणीबाबतही असाच घोळ होतो. प्रसंगानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी नकारात्मक आली म्हणून अनेक जण निर्धास्त होतात. प्रत्यक्षात संसर्ग चाचणीत दिसण्यास काही आठवड्यांपासून सुमारे तीन महिन्यांपर्यंतचा काळ जाऊ शकतो. तारीख विचारून पुढील तपासणीची आठवण करून देणे हे काम ॲप माणसापेक्षा अचूक करते.

केवळ आठवण पुरेशी असते का, याचे उत्तर दोन अभ्यासांच्या तुलनेतून मिळते. केनियात एआरटी औषधे सुरू करणाऱ्या ५३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. परिचारिकेकडून आठवड्यातून एकदा कुशल विचारणारा लघुसंदेश जात असे आणि रुग्णाने ४८ तासांत उत्तर देणे अपेक्षित होते. उत्तर न आल्यास किंवा अडचण कळवल्यास आरोग्य कर्मचारी स्वतः दूरध्वनी करीत. संदेश मिळणाऱ्या गटात औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण ६२ टक्के, तर दुसऱ्या गटात ५० टक्के आढळले. दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आले. येथे दर आठवड्याला संगणकीय ध्वनिसंदेश आणि एक चित्रसंदेश पाठवला जात होता. दोन वर्षांच्या सुमारास दोन्ही गटांत उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन देशांतील परिस्थिती अनेक अर्थांनी निराळी होती, त्यामुळे थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तरीही केनियात संदेशाच्या पलीकडे उलट दूरध्वनी करणारा माणूस होता, ही बाब ॲप घडवणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यक्तीला थेट आरोग्यसंदेश पाठवण्याची शिफारस करताना, संवेदनशील मजकूर आणि माहितीची गोपनीयता यांविषयीच्या शंकांचे आधी निरसन व्हावे, अशी अट घातली आहे.

गोपनीयतेची पहिली परीक्षा घरातच होते. उपरोक्त सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. एकच फोन भाऊ, सासू आणि मुले यांच्या हातून फिरत असेल, तर पडद्यावर अचानक झळकणारी ‘औषधाची वेळ झाली’ ही ओळसुद्धा एखादीचे घरातील स्थान धोक्यात आणू शकते. म्हणूनच चिन्ह व नाव निरुपद्रवी असणे, सूचना बंद ठेवता येणे, एका स्पर्शात पान मिटणे आणि नोंदणीसाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती नसणे या गोष्टी सजावटीच्या म्हणता येणार नाहीत.

दुसरी परीक्षा कायद्याची आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीविना तपासणी करता येत नाही, काही अपवाद वगळता कोणाचीही एचआयव्हीस्थिती उघड करता येत नाही आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनांना त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था करावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने त्यात भर घातली. हा धोका काल्पनिक नाही. एका जागतिक डेटिंग ॲपने वापरकर्त्यांनी नोंदवलेली एचआयव्हीस्थिती बाहेरील दोन कंपन्यांना पुरवल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले होते. अठरा वर्षांखालील मुलांबाबत पेच अधिक अवघड आहे. नव्या कायद्यानुसार त्यांची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, आणि पॉक्सो कायद्यानुसार त्यांच्या लैंगिक संबंधाची माहिती मिळालेल्या समुपदेशकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन येते. जे आईवडिलांना विचारता येत नाही ते विचारण्यासाठीच मूल ॲपकडे वळते, हे लक्षात घेता या तरतुदींची सांगड घालणे सोपे नाही.

भाषेचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. मराठीत ‘स्वप्नदोष’ हा शब्द एका स्वाभाविक क्रियेला आधीच दोष ठरवून मोकळा होतो, तर ‘गुप्तरोग’ हा शब्द रोग लपवण्याचीच शिकवण देतो. याउलट ‘निरोध’ हे १९६८ मध्ये आलेल्या सरकारी उत्पादनाचे नाव सर्वसामान्य शब्द म्हणून रुळले. इंग्रजीतून यांत्रिक रीतीने उतरवलेल्या मजकुरात वाचकाला कळतील असे शब्द क्वचितच असतात. सांगली जिल्ह्यातून देशाच्या कानाकोपऱ्यांत गेलेल्या गलाई व्यावसायिकांसारख्या स्थलांतरितांना तर परक्या भाषेच्या प्रदेशात मराठी मजकूर हाच आधार असतो. वाचन सहज नसणाऱ्यांसाठी ध्वनिरूपातील मजकूर अधिक उपयोगी पडतो.

ॲपवरील माहिती जुनी होण्याचा वेगही मोठा आहे. पांढऱ्या पेशींची संख्या ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषधे सुरू होतात, असे सांगणारा मजकूर आजही आढळतो. वास्तविक २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला सरकारी एआरटी केंद्रांत मोफत उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिल्यास लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. त्यामुळे ॲप वापरण्यापूर्वी ते कोणी तयार केले आणि मजकूर शेवटचा कधी सुधारला, हे पाहणे इष्ट ठरते.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी नॅकोची १०९७ ही निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे. साध्या दूरध्वनीवरूनही तेथे समुपदेशकाशी बोलता येते.