दगड कधी उभा राहिला?

तेलंगणातल्या तामसीहून आदिलाबादकडे निघालं की रस्त्यावरच्या पाट्या तेलुगूत भेटतात आणि पाटीखाली एसटीची वाट पाहणारी माणसं मराठीत बोलताना भेटतात. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे याच आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके होते. भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडे गेले, तामसी अलीकडे राहिली. रस्त्याकडेच्या स्मृतिशिळा, स्तंभ आणि फलक यांच्या अभ्यासाला सुरुवात करायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. इथे कुठलीही खूण वाचताना पहिला प्रश्न पडतो तो भाषेचा: हे कुणी, कुणासाठी लिहिलं?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९२७ मध्ये मोटारीतून जाणाऱ्यांसाठी हमरस्त्यांवर इतिहासाचे फलक लावायला घेतले. आपल्याकडे वेशीवरचा वीरगळ हेच काम शेकडो वर्षं करत आला आहे. खालच्या चौकटीत गाई राखताना पडलेला वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वाचता न येणाऱ्यालाही कळावा असा हा फलक. आज त्यांतल्या पुष्कळांवर शेंदूर चढला आहे आणि वीराचा देव झाला आहे. अभ्यासकाने त्यावर नाक मुरडू नये, शेंदूर हाही नोंदवण्याचाच भाग आहे.

आदिलाबादजवळच्या जैनथला परमार राजा जगद्देवाच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. उदयादित्याच्या या मुलाच्या पराक्रमाचं वर्णन त्यात भरभरून आहे. पण दगड उभा राहिला तो जगद्देवाचा अधिकारी लोलार्क याच्या बायकोमुळे. पद्मावती तिचं नाव. निंबादित्याचं मंदिर तिने बांधवलं. आज तिथल्या देवळात लक्ष्मीनारायणाची पूजा होते. राजाची स्तुती वाचून उठणारे वाचक पुष्कळ असतात, पद्मावतीपर्यंत पोचणारे थोडे.

याच जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीचा लाल स्तूप मात्र कुणालाही थांबवतो. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. जमिनी हातातून जाताहेत म्हणून गोंड शेतकरी सभेसाठी जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, मानवी हक्कांच्या संघटनांचा त्याच्या कितीतरी पट. लोकांनी उभारलेला स्तूप पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. पुढे वर्षानुवर्षं २० एप्रिल आला की तिथे जमावबंदी लागायची. म्हणजे एका स्तूपाच्या निदान तीन तारखा झाल्या: घटनेची, पाडण्याची आणि पुन्हा उभारण्याची. या विषयात येणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे, की दगडावर कोरलेली तारीख वाचून थांबू नका, दगड कधी उभा राहिला ते विचारा. इतिहास पुष्कळदा त्या दोहोंच्या मधल्या वर्षांत दडलेला असतो.

जोडेघाटला तर तारीखच डळमळते. जल, जंगल, जमीन ही घोषणा ज्याच्या नावाने सांगितली जाते तो गोंड पुढारी कुमरम भीम १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना तिथे मारला गेला. पुस्तकांत दिवस वेगवेगळे सापडतात. लोक मात्र दरवर्षी आश्विन पौर्णिमेला जमतात. मराठी घरांत कोजागिरीचं दूध आटत असतं, तेव्हा. दगडाला एकच तारीख लागते, तिथीला तसं बंधन नाही. नावाचंही तेच: कोमरम, कुमरम, कुमुरम. पाटी बदलली की स्पेलिंगही बदलतं. कोणतं बरोबर यावर भांडण्यापेक्षा कोणत्या पाटीवर काय आहे ते टिपून ठेवावं.

भीमच्या उठावानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला धाडलं. त्याच्या पुढाकाराने गोंडी शिकवायची पुस्तकं निघाली ती देवनागरीत, कारण ती लिपी इथल्यांच्या सवयीची होती. त्याची पत्नी बेट्टी हिची समाधी मारलावाईला आहे. काही खुणा मात्र उरतही नाहीत. निर्मलचा 'हजार फासांचा वड', जिथे गोंड पुढारी रामजी गोंड आणि त्याच्या साथीदारांना फाशी दिल्याचं सांगतात, तो आता उरलेला नाही. हजार हा आकडा झाडाच्या नावात आहे, तो मोजणीचा समजू नये.

साधनं फार लागत नाहीत. वही, टेप, आणि दुपारी शिळेजवळ पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायची तयारी. शिळेची भाषा, लिपी, दिशा, तिच्या मूळ जागेपासूनचं अंतर आणि तिला नारळ कोण वाहतं, हे सगळं लिहा. रस्ते रुंद होताहेत आणि जेसीबीला शेंदूर लावलेला दगड तेवढा ओळखू येतो. तुमच्या गावच्या वाटेवर बिनशेंदराचा एखादा असेल, तर त्याची नोंद या उन्हाळ्यातच करून ठेवा.