पानगळीच्या फोटोत एक मशीद

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी मुलीकडे कॅनडातल्या एडमंटन शहरात होतो. पानगळीचे फोटो काढायचे, एवढाच बेत होता. कॅनडाची पानगळ म्हटली की आपल्याला मॅपलची लाल पाने आठवतात. ती पूर्वेकडची. अल्बर्टाच्या गवताळ मैदानी प्रदेशात रंग मुख्यतः पिवळा. नॉर्थ सास्काचेवान नदीने सपाट मैदान खोल कापत नेले आहे आणि त्या खोऱ्याच्या उतारांवर अस्पेनची दाट झाडी आहे. अस्पेनची कितीतरी झाडे एकाच मुळातून फुटलेली असतात. म्हणून एक राई एकदम पिवळी होते आणि शेजारची हिरवीच राहते. सूर्य दुपारीही डोक्यावर येत नाही, त्यामुळे तिरपे ऊन पानांतून आरपार येते. जोराचा वारा सुटला की सगळा सोहळा एका रात्रीत आटोपतो.

पहिले चार दिवस मी फक्त झाडे आणि पाणी टिपले. पूल दिसला की कॅमेरा वळवायचो, माणूस आला की तो जाईपर्यंत थांबायचो. रात्री फोटो पाहताना मुलगी म्हणाली, "अब्बा, तुमच्या फोटोंत इथं कधी कुणी राहिलंच नाही असं वाटतं."

ती सहज बोलली, पण मला ते लागले. कारण हे खोरे रिकामे कधीच नव्हते. इथे क्री आणि इतर मूळ रहिवाशांची ये-जा शतकानुशतके होती. त्यांच्यापैकी पापाशेस समूह १८७७ मध्ये सहाव्या करारात सामील झाला. त्यांना नदीच्या दक्षिणेला राखीव जमीन ठरवून मिळाली आणि १८८८ मध्ये ती त्यांच्या हातून गेली. आज तिथे शहराच्या वस्त्या आहेत. खोऱ्यात पुढे कोळशाच्या खाणी आल्या, वीटभट्ट्या आल्या. १९०७ मध्ये फ्रेडरिक टॉड या उद्यानरचनाकाराने हे खोरे लोकांसाठी मोकळे ठेवा, असा सल्ला दिला. १९१५ च्या महापुरात नदीकाठची घरे वाहून गेली. लो लेव्हल पूल वाहून जाऊ नये म्हणून त्यावर रेल्वेचे डबे उभे करावे लागले. ज्या हॉरिलॅक पार्कात मी सर्वांत सुंदर फोटो काढले, तिथे पूर्वी वाळू-खडीची खाण होती. मी ज्याला निसर्ग समजत होतो, त्यात माणसांचे निर्णय मिसळलेले होते. काही शहाणपणाचे, काही अन्यायाचे.

पाचव्या दिवशी मुलगी मला त्याच खोऱ्यातल्या फोर्ट एडमंटन पार्कात घेऊन गेली. जुन्या इमारती जपणारे हे खुले संग्रहालय. तिथे पिवळ्या झाडांमध्ये विटांची एक छोटी मशीद उभी आहे. अल रशीद, कॅनडातली पहिली मशीद. शहरातली मूठभर मुस्लिम कुटुंबे, बहुतेक लेबनॉनकडून आलेली. हिल्वी हमदान या बाईंनी जागेसाठी महापौरांची भेट घेतली आणि बायकांनी दुकानादुकानांत फिरून पैसे जमवले. ख्रिस्ती आणि ज्यू दुकानदारांनीही दिले. बांधणारा कंत्राटदार युक्रेनियन वंशाचा होता. त्यामुळे दोन बुरूज आणि त्यांवरचे घुमट पाहिले की ऑर्थोडॉक्स चर्चची आठवण होते. १२ डिसेंबर १९३८ ला मशीद उघडली. त्या समारंभाला अब्दुल्ला युसुफ अली हजर होते. कुराणाचा त्यांचा इंग्रजी अनुवाद आपल्याही अनेक घरांत आहे, आणि त्यांचे शिक्षण आपल्या मुंबईत, विल्सन कॉलेजात झाले होते.

पुढे मोठी मशीद झाली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ही जुनी वास्तू पाडली जाण्याची वेळ आली. तेव्हाही मुस्लिम महिलाच पुढे आल्या. विरोध झाला, पैसे जमवावे लागले, पण १९९१ मध्ये मशीद या पार्कात हलवली गेली.

इतिहासाच्या चित्रात आम्ही दिसत नाही, आम्हाला वगळले जाते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खरीही आहे. पण हातात कॅमेरा आल्यावर मीही तेच केले. सुंदर दिसावे म्हणून चार दिवस माणसे वगळली. मशिदीचा फोटो काढून समाधान मानणे सोपे होते, कारण ती माझी. पापाशेसांच्या नावाची मशीद कुठे उभी नाही, म्हणून त्यांना चौकटीबाहेर ठेवायचे का?

निघण्याआधी पुलावरून शेवटचा फोटो काढला. अर्धी झाडे उघडी झाली होती. फोटोत पुलाचा कठडा आहे, पलीकडच्या काठाची घरे आहेत, सायकलवरचा एक मुलगा आहे. पिवळा रंग थोडा कमी आहे. फोटोखाली मी नदीच्या नावाबरोबर ती दोन सालेही लिहिली : १८७७ आणि १८८८.