युरोपातलं पाळीव डुक्कर नेमकं कुठलं?

तुर्कस्तानच्या परिसरात माणसाळलेली डुकरं सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांसोबत युरोपात पोहोचली. ती मोकळी चरत असल्याने तिथल्या रानडुकरांशी त्यांचा संकर होत राहिला. किती? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार, आजच्या युरोपीय पाळीव डुकरांत त्या मूळ पूर्वजांचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी उरलाय! म्हणजे जनुकांच्या हिशेबात ती जवळपास युरोपातलीच रानडुकरं. गंमत म्हणजे काळ्या रंगाचा जनुकीय बदल मात्र तुर्कस्तानकडचाच टिकला.

उलटा प्रवासही चालू असतो. पश्चिम युरोपातल्या रानडुकरांत सहसा ३६ गुणसूत्रं असतात, पाळीव डुकरांत ३८. त्यामुळे एखाद्या रानडुकरात ३७ आढळली, की संकराचा संशय येतो. अशा संकरित डुकरांनाही पिल्लं होतात, त्यामुळे पाळीव जनुकं रानात पसरतात.