सम्राटाच्या थडग्यातील देवालय

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या क्रोएशियात, स्प्लिट नावाचे बंदर आहे. त्याची जुनी वस्ती म्हणजे मुळात एका सेवानिवृत्त माणसाने बांधलेले घर होय. हा माणूस रोमचा सम्राट होता, एवढाच काय तो भेद. इ. स. ३०५ च्या मे महिन्यात डायोक्लेशियनने राज्यपद सोडले आणि जन्मप्रांती, सलोना नगराजवळ उभारलेल्या तटबंदीच्या प्रासादात तो येऊन राहिला. बहुतेकांच्या मते तो एका लेखनिकाचा मुलगा होता, असे युट्रोपियस हा रोमन इतिहासकार नमूद करतो. आमच्यासारख्या लेखणीवर पोट भरणाऱ्यांचे लक्ष या नोंदीवर खिळावे, हे स्वाभाविकच आहे.

कारभाराची त्याला विलक्षण हौस. मोठाले प्रांत फोडून त्याने त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट केली. ३०१ साली वस्तूंचे कमाल दर ठरविणारा हुकूम काढला. असे हुकूम बहुधा ठरतात तसाच तोही निष्फळ ठरला. त्या सुमारास प्रांतांचे जे बारा गट पाडण्यात आले त्यांस 'डायोसीज' म्हणत. पुढे बिशपच्या अधिकारक्षेत्रासाठी ख्रिस्ती धर्मसंस्थेने हाच शब्द उचलला. आपल्या वसईचे ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मप्रांत म्हणतात, तो हाच. ज्या राजवटीने हा धर्म उपटून टाकण्याचा घाट घातला, तिचीच दप्तरी संज्ञा त्या धर्माने चालू ठेवावी!

तो घाट ३०३ साली घातला गेला. चर्चे पाडली, ग्रंथ जाळले. पुढच्याच वर्षी सलोनाचा बिशप डोम्नियस देहदंडास पात्र ठरला. सम्राटाने प्रासादात स्वतःसाठी समाधिमंदिर बांधविले होते. सातव्या शतकाच्या प्रारंभी आवार व स्लाव टोळ्यांनी सलोना उद्ध्वस्त केले, तेव्हा निर्वासितांनी या प्रासादाच्या भिंतींचा आश्रय घेतला आणि समाधीचे कथीड्रल केले. आज ते ओळखले जाते डोम्नियसच्याच नावाने.

प्रवेशाजवळ इजिप्तहून आणलेला काळ्या पाषाणाचा स्फिंक्स बसलेला दिसतो. अक्रोडाच्या लाकडाची दारे आंद्रिया बुविना याने १२१४ साली कोरली; ख्रिस्तचरित्रातील २८ प्रसंग त्यांवर आहेत. घाईने आत शिरणारा प्रवासी त्यांना मुकतो. वास्तू बाहेरून अष्टकोनी, आतून वर्तुळाकार. भिंतीलगत स्तंभांच्या दोन ओळी, वर घुमट. सम्राटाची शवपेटी मात्र नाही. ती केव्हा नाहीशी झाली, ते इतिहास सांगत नाही. माझ्या मते येथे पूजा सुरू झाली नसती, तर सलोनाप्रमाणे याही इमारतीचे दगड लोकांनी घरे बांधण्यासाठी नेले असते.

घुमटाखालील शिल्पपट्टीत दोन मुखवटे आहेत. ते डायोक्लेशियन व त्याची पत्नी प्रिस्का यांचे असावेत, असे अभ्यासक मानतात. छळाच्या प्रारंभी प्रिस्का व कन्या व्हॅलेरिया यांना देवतांपुढे आहुती देणे भाग पाडले गेले, असे लॅक्टॅन्शियस लिहितो. पुढे या मायलेकी हद्दपार झाल्या. मुलीला आपल्याकडे पाठवावे, म्हणून वृद्ध सम्राटाने नव्या सत्ताधीशाकडे वारंवार दूत धाडले. अधिकार सोडलेल्या माणसाच्या विनंतीस तेथे कोणी दाद दिली नाही. त्याच्या मृत्यूनंतर दोघींचाही शिरच्छेद झाला. प्रिस्काचा म्हणून समजला जाणारा तो चेहरा अजून प्रार्थनेस बसलेल्यांच्या माथ्यावर आहे.